तो माझं नाही, ताईंचं ऐकतो

पत्र:

'मी चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात 34 मुलं आहेत आणि मदतीला एक ताई आहेत. त्यांनी मुख्यतः एका मुलाकडे लक्ष द्यायचं, असं ठरलेलं आहे. तो अभ्यासात मागे आहे आणि पटकन बिथरतो. ताई गेल्या वर्षापासून त्याच्यासोबत आहेत, मी या वर्षी या वर्गावर आले. हा मुलगा माझं काहीच ऐकत नाही. मी "वही काढ" म्हटलं की तो ताईंकडे बघतो. त्यांनी मान हलवली की मग वही निघते. रागावले तर सरळ म्हणतो, "ताईंनी सांगितलं तर करीन." गेल्या आठवड्यात मी त्याला तीनदा "खाली बस" म्हटलं, तो उभाच. तेवढ्यात ताई झेरॉक्स घेऊन वर्गात आल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बसला. अख्खा वर्ग हसला. मला शिकवण्याचा 14 वर्षांचा अनुभव आहे, ताईंनी तर शिक्षणशास्त्राचा अभ्यासही केलेला नाही. त्या मनाने चांगल्या आहेत, म्हणूनच जास्त त्रास होतो. कुणावर चिडावं तेच कळत नाही. मुख्याध्यापकांना सांगून त्यांना दुसऱ्या वर्गावर पाठवायला सांगू, की या मुलाशी जरा कडक वागायला लागू?'

नमस्कार बाई,

वर्ग हसला तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल, हे वर्गावर उभं राहिलेल्या कुणालाही कळेल. तो पाणउतारा तुम्ही मनाला लावून घेतलात यात काही चुकलं नाही. पण तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर, निदान आत्ता तरी, 'नको' असंच आहे. ताईंना हलवू नका आणि त्याच्याशी कडक वागायला जाऊ नका. ताई गेल्या तर तो तुमच्याकडे वळेल असं तुम्ही धरून चालला आहात. माझा अंदाज उलट आहे. ताई गेल्या की वर्गात त्याचं कुणाशीच नातं उरणार नाही, आणि तुमचं-त्याचं सुरू होईल ते भांडणापासून.

आधी त्या 'खाली बस'च्या प्रसंगाकडे पुन्हा एकदा बघू या. तुम्ही बहुधा फळ्यापाशी होतात, आवाज सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा होता आणि 33 जोड्या डोळे त्याच्याकडे लागले होते. पहिल्या 'खाली बस'ला त्याला बसता आलं असतं. दुसऱ्यानंतर बसणं म्हणजे सगळ्यांसमोर हरणं होतं आणि तिसऱ्यानंतर तर ते अशक्यच झालं. ताई आल्या तेव्हा त्यांनी काय केलं? त्या त्याच्याजवळ गेल्या. काही बोलल्या नाहीत. खांद्यावर हात ठेवला आणि त्याला मान न गमावता बसायला वाट मिळाली. त्या क्षणी तिथे तुमच्यापेक्षा कमी शिकलेलं, पण त्याच्या अगदी जवळ असलेलं माणूस होतं. यातलं शिक्षण तुमच्याकडे भरपूर आहे. जवळ जाणं मात्र या वर्षात तुम्हाला जमलेलं दिसत नाही, आणि तेवढाच भाग बदलायचा आहे.

जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये एक साधी मांडणी केली होती. माणूस दुसऱ्याचं का ऐकतो? त्यांनी पाच कारणं सांगितली: समोरचा काही देऊ शकतो म्हणून, शिक्षा करू शकतो म्हणून, त्याचं पदच तसं आहे म्हणून, त्याला त्यातलं कळतं म्हणून, आणि तो आपल्याला आपला वाटतो म्हणून. नऊ-दहा वर्षांच्या बहुतेक मुलांना 'बाई म्हणाल्या' एवढं पद पुरतं. ज्या मुलाला शाळेत सतत अपयश आलंय, त्याला ते पुरत नाही. त्याच्या दृष्टीने पदावरची माणसं म्हणजे चुका दाखवणारी माणसं. त्याच्यावर काम करतं ते आपलेपण, आणि ते ताईंनी वर्षभर बसून मिळवलंय. तुमच्या वाट्याला पद आणि शिक्षा एवढंच आलंय. म्हणून तुम्ही अजून कडक झालात तर जे आधीच चालत नाही तेच दुप्पट कराल.

पण त्या पाचांमधलं एक कारण पूर्णपणे तुमचं आहे. तुम्हाला त्यातलं कळतं. त्याकडे मी पुढे येतेच.

त्याआधी एक काम करा. उद्या दिवसभर, जमेल तेवढं, त्या मुलाशी तुम्ही बोललेलं प्रत्येक वाक्य हजेरीपटाच्या मागे लिहून ठेवा. सगळ्या वर्गाला उद्देशून बोललेलं धरू नका, फक्त त्याच्याशी बोललेलं. संध्याकाळी वाचा. बहुतेक वाक्यं 'वही काढ', 'इकडे बघ', 'अजून लिहिलं नाहीस?', 'हात खाली' या घरातली निघतील, असा माझा कयास आहे. बाकीच्या मुलांनाही तुम्ही हेच म्हणता, पण त्यांना त्याबरोबर 'अरे वा', 'हे कसं सुचलं तुला?', 'कालचा ताप उतरला का?' हेही मिळतं. त्याला हे सगळं ताईंकडून मिळतं आणि तुमच्याकडून उरलेलं. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. 'याच्याकडे ताई आहेत' म्हटल्यावर 33 मुलांच्या व्यापात असलेल्या कुठल्याही शिक्षिकेचं लक्ष आपोआप बाकीच्यांकडे जातं. व्यवस्थाच तशी लावून दिलेली असते.

आणि तुम्ही सूचना कशी देता तेही बघा. फळ्यापाशी उभं राहून आपण सहज म्हणून जातो, 'चला, वह्या काढा, तारीख घाला, कालची गणितं ज्यांची राहिली असतील त्यांनी ती आधी पुरी करा आणि बोलू नका.' एका दमात चार गोष्टी. ज्याच्या डोक्यात एकावेळी दोनच राहतात, तो पहिली ऐकता ऐकता चौथी हरवतो. मग तो काय करतो? ताईंकडे बघतो. तुम्हाला तो उद्धटपणा वाटतो. बऱ्याचदा ती नुसती विचारणा असते: 'आता नेमकं काय करायचंय?' ताई तेच त्याला जवळून, त्याच्या नावाने, एकच गोष्ट करून सांगतात आणि त्याची वही निघेपर्यंत थांबतात.

हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून तपासलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर उत्तरं मोठी आणि विचार केलेली यायला लागली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. तो अभ्यास प्रश्नांचा होता, पण सूचनांच्या बाबतीतही हा अनुभव येतो. 'वही काढ' म्हणून तुम्ही लगेच दुसऱ्यांदा म्हणालात तर पहिल्यांदा सांगितलेलं वाया गेलं. त्याच्या बाकापाशी जा, हळू आवाजात त्याचं नाव घेऊन एकच गोष्ट सांगा आणि तिथून निघून जा. समोर उभं राहून वाट बघू नका. तो तुमच्या नजरेतून सुटला की हात दप्तराकडे जाणं त्याला सोपं होतं.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येते. तुमचं पत्र मानापमानाबद्दल आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. पण या मुलाचं त्यात जे नुकसान होतंय ते तुमच्या अपमानापेक्षा मोठं आहे. ब्रिटनमध्ये 2003 मध्ये पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गातल्या मदतनीसांवर एक मोठा, अनेक वर्षं चाललेला अभ्यास सुरू केला. त्यांना असं आढळलं की ज्या मुलांना मदतनीसांची सर्वांत जास्त मदत मिळाली, त्यांची प्रगती तशाच, पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झाली. मुलं मुळातच मागे होती म्हणून असं झालं असेल, हा आक्षेप त्यांनी लक्षात घेतला होता. आधीची पातळी आणि विशेष गरजा जमेस धरूनही तेच दिसलं. दोष मदतनीसांचा नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. झालं होतं असं की ज्यांना शिक्षकांची सर्वांत जास्त गरज, तीच मुलं मदतनीसांच्या हवाली झाली आणि शिक्षकांपासून तुटली. अमेरिकेत मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये याचीच दुसरी बाजू मांडली. मदतनीस सतत मुलाला चिकटून असतील तर मूल मोठ्या माणसांवर विसंबायला लागतं, बाकीच्या मुलांपासून वेगळं पडतं, आणि वर्गशिक्षकालाही ते आपलं वाटेनासं होतं.

हे शेवटचं जरा थांबून वाचा, बाई. तो तुम्हाला आपली शिक्षिका मानत नाही, कारण तुम्ही त्याला शिकवत नाही. तुम्ही वर्गाला शिकवता, त्याला ताई शिकवतात. तुमच्या शब्दाला त्याने मान द्यावा असं वाटत असेल तर त्याला शिकवण्याचं काम तुम्ही परत स्वतःकडे घ्यायला हवं.

म्हणजे काय करायचं? ताईंशी जागा बदला. रोज एक तास, किंवा अर्धा तास तरी, ताईंनी बाकीच्या वर्गावर लक्ष ठेवायचं आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसायचं. तुम्ही शिकवून झालेला भाग असेल, मुलं सरावाची गणितं करत असतील, तेव्हा हे सहज जमतं. ताईंनी रांगांमधून फिरायचं, शंका आली तर 'बाईंना विचारायला ठेव' म्हणायचं. तुम्ही आपली खुर्ची ओढून त्याच्या बाकाशी बसायचं.

आणि तिथे तुम्हाला काय दिसेल त्याचं एक उदाहरण देते. समजा तो 618 भागिले 6 करतोय. सहा एके सहा, वर एक लिहिला. मग पुढचा 1 खाली घेतला, त्यात 6 जात नाहीत, म्हणून 8 पण खाली घेतला, साही त्रिक अठरा, वर तीन. उत्तर 13. ताई प्रेमाने म्हणत असणार, 'अरे, मध्ये शून्य लिही.' तो लिहितो, गणित बरोबर येतं, बरोबरची खूण मिळते, आणि दुसऱ्या गणितात पुन्हा शून्य राहतं. तुम्ही 14 वर्षं शिकवताय, तुम्हाला हे बघताक्षणी कळेल की त्याला शून्य लिहायचं आठवत नाही असं नसून एका दशकाचे सहा वाटे होत नाहीत, म्हणून दशकाच्या घरात काहीच आलं नाही, हेच त्याच्या मनात उमटलेलं नाही. तुम्ही त्याला विचाराल, '618 गोट्या सहा जणांत वाटल्या तर प्रत्येकाला 13च? साधारण शंभराच्या आसपास यायला हव्यात ना?' तो चपापेल. शतक, दशक, एकक अशी घरं आखून पुन्हा वाटून बघाल तेव्हा त्याला शून्य का ते कळेल. हे ताईंना येणार नाही, आणि यावं अशी अपेक्षाही बरोबर नाही, ते त्यांचं काम नाही. तुम्हाला त्यातलं कळतं असं मी म्हटलं ते हेच. 'मला येत नव्हतं, बाईंनी दाखवलं आणि आलं' हा अनुभव त्याला चार-सहा वेळा आला की त्याच्या मनातली तुमची जागा बदलायला लागेल. 'वही काढ' म्हटल्यावर तो वही का काढत नाही याचं उत्तरही बहुतेक त्या वहीतच सापडेल. ज्या वहीत पानोपानी चुका आहेत ती सगळ्यांसमोर उघडायला कुणाला आवडेल?

पण यासाठी ताई तुमच्या बाजूला हव्यात, आणि त्यांच्याशी अजून तुम्ही मोकळेपणाने बोललेल्याच दिसत नाही. पत्रात तसा कुठेच उल्लेख नाही. त्या प्रसंगानंतर त्यांनाही अवघडलं असेल. वर्ग हसला तेव्हा आपल्यामुळे बाईंचा अपमान झाला हे त्यांना कळलं असणार, आणि तुम्ही काही बोलत नाही म्हणजे रागावलात असं त्या धरून चालल्या असतील.

बोलायला बसाल ते एखादी गोष्ट बिनसल्यावर नको, आणि शाळा सुटल्यावर त्यांना घरी जायची घाई असताना तर नकोच. त्यांच्या कामाच्या वेळेतली पंधरा-वीस मिनिटं मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. मुख्याध्यापकांकडे जायचंच असेल तर या मागणीसाठी जा. सुरुवात तक्रारीने करू नका. असं काहीसं म्हणता येईल: 'ताई, तो तुमचं ऐकतो याचा मला आधारच वाटतो. तुम्ही त्याला वर्षभर ओळखता, मी ओळखत नाही. तो कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, मला सांगाल का?' आणि मग खरंच ऐका, वही-पेन घेऊन. त्यांना माहीत असेल की तो सकाळी पहिल्या तासाला नेहमीच तिरसटलेला असतो, किंवा मोठ्याने वाचायला सांगितलं की त्याचं पोट दुखायला लागतं. असल्या गोष्टी त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाच कळतात.

त्यानंतर तुमचं मागणं सांगा. तेही सरळ. 'मी त्याला काही सांगितलं की तो तुमच्याकडे बघतो. तेव्हा तुम्ही मान हलवू नका. त्याला विचारा, "बाई काय म्हणाल्या?" तेवढंच.' या तीन शब्दांच्या प्रश्नाने पुष्कळ काम होतं. तो सूचना आठवतो, स्वतः बोलून दाखवतो, आणि ती सूचना तुमची राहते. ताईंच्या होकारावर चाललेलं काम तुमच्या शब्दावर यायला लागतं, आणि तेही ताईंना कुठेही नकार द्यावा न लागता.

दुसरी एक गोष्ट जरा जपून विचारा, कारण ती सगळीकडे होते आणि करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मुलाने लवकर लिहावं म्हणून प्रेमळ मदतनीस म्हणतात, 'पटकन आवर, नाहीतर बाई ओरडतील हं.' हेतू चांगलाच असतो. पण दिवसातून पाच-सात वेळा हे ऐकलेल्या मुलाच्या मनात तुमचा बागुलबुवा तयार होतो आणि ताई म्हणजे त्यापासून वाचवणारं माणूस. असं होत असेल तर त्याऐवजी 'हे झालं की बाईंना दाखवू, त्यांना बघायचं होतं' असं म्हणायला सुचवा. आणि मग त्याने दाखवायला आणलेलं तुम्ही हातातलं काम टाकून बघा. बघता बघता 'अक्षर सुधार' म्हणू नका. त्या दिवशी तरी नको.

तुम्हीही तुमच्याकडून एक पथ्य पाळा. 'ताई, याला जरा खाली बसवा हो' हे वाक्य यापुढे बंद. तुमचा हुकूम ताईंकरवी बजावून घेतला की तुमचं ऐकायची गरज नाही हे तुम्हीच त्याला शिकवता. आणि ताईंनी त्याला एखादी सूट दिली असेल, म्हणजे खिडकीपाशी पाच मिनिटं उभं राहू दिलं असेल, आणि ती तुम्हाला पटली नसेल, तर वर्गात ती मोडू नका. नंतर दोघी बोला. मुलासमोर ताईंचा शब्द खाली पडला तर तो त्यांची बाजू घेणार, आणि घ्यायलाच हवी.

त्याच्या ताईंवरच्या मायेला धक्का लावू नका, हे मी इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलं आणि त्यांच्या आया यांचं निरीक्षण करून दाखवलं होतं की पाठीशी भरवशाचं माणूस असलं की मूल त्याला चिकटून बसत नाही, उलट निर्धास्तपणे लांब जाऊन नवं काही धुंडाळतं. शाळेत त्याच्यासाठी ते माणूस ताई आहेत. त्या तिथे आहेत म्हणून तो तुमच्याजवळ यायचं धाडस करू शकेल. 'ताईंचं ऐकतोस, मग माझं का नाही?' असं त्याला कधीही विचारू नका. नऊ वर्षांच्या मुलाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. त्याला एवढंच कळतं की दोघींमधून एकीला निवडायचंय.

आता फक्त तुमच्या दोघांबद्दल. रॉबर्ट पियांटा यांनी शिक्षक आणि विद्यार्थ्याचं बिघडलेलं नातं सुधारण्यासाठी एक पद्धत मांडली आहे. आठवड्यातून काही वेळा, पाच ते पंधरा मिनिटं, शिक्षकाने त्या एका मुलाबरोबर त्याला हवं ते करायचं. चित्र काढायचं असेल तर चित्र, ठोकळे तर ठोकळे. शिकवायचं नाही, चूक काढायची नाही, शाबासकीही मोजून-मापून द्यायची नाही. त्याने नेतृत्व करायचं, आपण सोबत. आणि ही वेळ बक्षीस म्हणून द्यायची नाही, शिक्षा म्हणून काढूनही घ्यायची नाही. तो सकाळी तुमच्याशी वाईट वागला असला तरी दुपारची ती दहा मिनिटं त्याची. हे पाळणं सर्वांत अवघड आहे आणि सगळा परिणाम त्यातच आहे. मधल्या सुट्टीचा शेवटचा भाग किंवा मुलं चित्रकलेला गेलेली असताना ही वेळ काढता येईल.

आणि पुन्हा कधी 'ताईंनी सांगितलं तर करीन' आलं तर? आवाज न चढवता, जवळ जाऊन: 'हे मी सांगतेय. तारीख लिही, मी थोड्या वेळाने येते.' आणि पुढे व्हा. वाद नाही, दुसऱ्यांदा सांगणं नाही. परत याल तेव्हा तारीख लिहिलेली असेल तर 'लिहिलीस, छान, आता पहिलं गणित दोघं मिळून करू.' नसेल तर ठरलेला छोटा परिणाम, तोही शांतपणे: राहिलेलं काम सुट्टीत तुमच्याजवळ बसून पुरं करायचं, आणि तुम्ही मदत करायची. सूचना मोजक्याच द्या. जी शेवटापर्यंत नेता येणार नाही ती देऊच नका.

सुरुवातीचे काही दिवस तो जास्तच बिघडेल. ताईंची मान हलायची थांबली की तो आधी जोरात त्यांना हाका मारेल, मग वही फेकेल, कदाचित वर्गाबाहेर पळेल. जे वागणं आजवर हमखास फळत होतं ते फळेनासं झालं की माणूस आधी तेच अधिक जोराने करून बघतो. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे पुष्कळदा नोंदवलं आहे. इथे ताईंना दया येईल आणि तुम्हाला वाटेल की उपाय फसला. दोघींनी हे आधीच बोलून ठेवलं असेल तर निभावेल. त्या काळात ताईंनी मधे पडून एकदा जरी मान हलवली तरी जोरात ओरडलं की मिळतं, हे तो शिकेल. अर्थात तो स्वतःला किंवा कुणाला लागेल असं काही करत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून जे जवळ असेल त्याने त्याला आवरायचं.

वर्ग हसला त्याची फार काळजी करू नका. जेकब कुनिन आणि पॉल गम्प यांनी 1958 मध्ये बालवर्गांचा अभ्यास केला होता. एका मुलाला शिक्षकाने दटावलं की ते पाहणाऱ्या बाकीच्या मुलांवर काय परिणाम होतो, हे ते बघत होते. काय करायचं ते स्पष्ट सांगितलं तर बघणारी मुलंही नीट वागली. शिक्षक तापट, आडदांडपणे वागले तर बघणाऱ्यांची शिस्त वाढली नाही, ती नुसती अस्वस्थ झाली. तुमच्या 33 मुलांचं तुमच्याबद्दलचं मत त्या एका प्रसंगाने ठरलेलं नाही. पुढच्या वेळी तुम्ही त्याच्याशी कशा वागता हे ती बघतील.

एक गोष्ट वेगळी, पण राहून जायला नको. तो फक्त जवळून बोललेलंच ऐकत असेल, लांबून हाक मारली की वळत नसेल, किंवा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत असेल, तर पालकांना सांगून त्याचे कान तपासून घ्या. थोडं कमी ऐकू येणारं मूल शाळेत 'ऐकत नाही' म्हणूनच ओळखलं जातं.

ताईंना हलवायचा प्रश्न कधी येईल? तुम्ही दोनदा-तीनदा नीट बोललात, काय हवं ते ठरवलंत, आणि तरीही त्या मुलांसमोर तुमचं म्हणणं खोडत राहिल्या, त्याची गणितं स्वतःच सोडवून देत राहिल्या, तर मुख्याध्यापकांना मधे घ्या. तेव्हाही 'यांना हलवा' म्हणण्यापेक्षा 'आमच्या कामाची वाटणी तुम्ही ठरवून द्या' असं म्हणा. पत्रावरून त्या तशा वाटत नाहीत.

आणि ताई रजेवर असतील तो दिवस आधीपासून आखून ठेवा, कारण सगळं बिघडण्याची सर्वांत जास्त शक्यता त्याच दिवशी. आदल्या दिवशी ताईंनीच त्याला सांगावं, 'उद्या मी येणार नाही, परवा येईन. काही अडलं तर बाईंकडे जा, मी त्यांना सांगून ठेवलंय.' हे सांगताना तुम्ही तिथे उभ्या असा. दुसऱ्या दिवशी शाळा भरल्या भरल्या, हजेरीच्या आधी, त्याच्या बाकाशी जाऊन दिवसाचे तास त्याला एकेक करून सांगा आणि कुठल्या तासाला तुम्ही त्याच्याजवळ बसणार तेही सांगा. जो तास सांगाल त्या तासाला काहीही झालं तरी तिथे बसा.